‘शेतात’ या नोंदीचे काय झाले

मे १९८१ : आमचा जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. या तारखेस जबाबदार कोणी नाही; माझा पत्रव्यवहार येथून सुरू होतो, एवढ्यासाठी ती नोंदवतो.

२००१ चा उन्हाळा : तालुक्यातील मतदार याद्या हस्तलिखितावरून संगणकात भरल्या गेल्या. घर क्रमांकाच्या रकान्यात अंकाखेरीज काहीही चालणार नाही, असे ठरवले गेले. जबाबदार : हे ठरवणारा, तो जो कोणी असेल तो.

त्याच वर्षाची दिवाळी : छापील यादीत रिकाम्या जागा दिसू नयेत, असा तोंडी आदेश दिला गेला. जबाबदार : तालुक्याच्या ठिकाणी निवडणुकीचे काम पाहणारे अधिकारी.

त्याच आठवड्यात : त्या आदेशाची अंमलबजावणी संगणकात केली गेली. जबाबदार : माझा सख्खा पुतण्या.

२००२, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस : माझ्या वहिनींचा अर्ज घेतला गेला नाही. जबाबदार : वरील सर्व.

मी दिवाणी न्यायालयांत लिपिक म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे परतूरला गेली. वकिलीचे शिक्षण दुसऱ्या वर्षात सुटले, परंतु कायद्याची सवय सुटली नाही. जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी पेढे वाटले. मला आनंद झाला तो असा, की आता तक्रारीचे पत्र औरंगाबादला पाठवून महिना महिना वाट पाहावी लागणार नाही. त्यानंतर मी पुष्कळ पत्रे लिहिली. रस्त्याच्या कडेचा दिवा, बंद पडलेली एस.टी., शाळेचे गळके छत, असे विषय असत. माझी पत्नी म्हणे, "तुमच्या हातचं पत्र मला एकच आलं, तेही लग्नाआधी. बाकी सगळी सरकारला." मी तिला सांगे की सरकार उत्तर देत नाही, म्हणून लिहावे लागते. ती म्हणे, मी दिलं होतं, मंग मला का बंद केलं?

निवृत्तीनंतर मी गावी आलो. भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडे फाट्यावरून आत गेले की आमचे गाव. माझे घर गावठाणात आहे. दारावर ग्रामपंचायतीने ठोकलेली क्रमांकाची पत्र्याची पाटी आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी मात्र फार पूर्वीच गाव सोडून ओढ्यापलीकडच्या शेतात दोन खोल्या बांधल्या. विहिरीला पाणी लागले होते, रात्री-बेरात्री वीज येई, गावातून जाणे-येणे परवडत नव्हते. त्यांच्यामागून आणखी घरे गेली आणि ओढ्यापलीकडे वस्ती झाली. त्या घरांना पाटी नाही. पाटी घरपट्टीबरोबर येते आणि घरपट्टी गावठाणातल्या घरांना असते. याचे कोणाला काही वाटले नाही, कारण गावात एक रीत होती. जुन्या यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात तलाठी वस्तीवाल्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहीत असे : ‘शेतात’. पोस्टमन, लस टोचणारी बाई, मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारा मास्तर, सगळे त्या शब्दावर बरोबर दारात पोहोचत. त्या पत्त्यावर माझ्या बंधूंना नोटिसासुद्धा मिळाल्या. ते गेले त्यानंतर वहिनींनी त्याच पत्त्यावर वीस वर्षे मतदान केले.

वहिनींना निवडणूक लढवायची होती ती ओढ्यासाठी. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीवरची पोरे शाळेत जात नसत. शेजारची एक सून बाळंतपणाला अडली, तेव्हा पाणी उतरेपर्यंत तिला बैलगाडीत पलीकडच्याच काठावर निजवून ठेवले होते. ती वाचली, बाळ वाचले नाही. त्या दिवसापासून वहिनी फरशीचा पूल मागत होत्या. ग्रामपंचायतीत दर वेळी ठराव होई आणि दर वेळी पैसा गावातल्या गटारीकडे वळे, कारण वस्तीचा एकही माणूस पंचायतीत नव्हता. २००२ साली आमच्या प्रभागाची जागा महिलांसाठी राखीव निघाली. वस्तीवरचे लोक वहिनींकडे आले. त्या चौथी शिकलेल्या, परंतु चार माणसांत बोलायला कधी मागे सरल्या नाहीत.

त्या माझ्याकडे आल्या आणि ओसरीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भावजी, जन्मभर तुम्ही कागद लिहिले. त्यातून एक दिवा लागला, तोबी फुटला. आता माझा एक कागद भरून द्या."

मी भरायला घेतला. उमेदवाराचा मतदार यादीतील अनुक्रमांक लिहावा लागतो, म्हणून चावडीवर जाऊन यादी उघडली. नवी यादी स्वच्छ होती, हस्तलिखित यादीसारख्या खाडाखोडी नव्हत्या. पहिल्या घरापासून ओळीने सगळे गाव त्यात होते. माझे नाव होते. माझ्या पत्नीचे होते. वहिनींचे नव्हते. मी पुन्हा पाहिले, मग शेजारच्या घरातली नावे शोधली, मग त्या पलीकडची. ओढ्यापलीकडचे एकही नाव त्या यादीत नव्हते. यादी प्रसिद्ध होऊन हरकतींची मुदतही उलटली होती. ती चावडीवर डकवली तेव्हा मी परतूरला मुलीकडे होतो, आणि वस्तीवरचे लोक पेरणीच्या दिवसांत चावडीवर येत नाहीत. अर्ज भरण्यास चार दिवस उरले होते, त्यांतले दोन शनिवार-रविवार.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी तालुक्याला गेलो. तेथील कारकुनाने माझे ऐकून घेतले, संगणकात वहिनींचे नाव टाकून पाहिले आणि मान हलवली. मी म्हटले, ही बाई वीस वर्षे मतदान करीत आली आहे. तो म्हणाला, "बराबर आहे काका, पण संगणकात न्हाई." मी जुनी हस्तलिखित यादी मागितली. ती त्याच्याच मागच्या कपाटात होती. त्याने ती उघडली, वहिनींचे नाव सापडले, पुढे ‘शेतात’ असे स्वच्छ लिहिलेले होते.  मग त्याने मला संगणकात घर क्रमांकाच्या रकान्यात अक्षरे टाइप करून दाखवली. संगणकाने एकही अक्षर घेतले नाही. भरणाऱ्या मुलांनी, तो म्हणाला, तेथे काही न टाकता पुढचा रकाना घेतला असणार. दिवसाला इतकी नावे भरायची होती, विचारणार कोणाला?

मी विचारले, रकाना रिकामा राहिला, हे समजले. नाव कुठे गेले?

"ते प्रोग्रामवाल्याला विचारा," तो म्हणाला. आणि मग जरा चोरट्या आवाजात, "तुमच्याच घरचा आहे की तो."

ही गोष्ट खरी होती. ज्या संगणक केंद्राला यादीचे काम मिळाले होते, ते जालन्यात होते, आणि तेथला प्रोग्राम लिहिणारा मुलगा म्हणजे वहिनींचा थोरला. बंधू गेल्यावर त्याचे शिक्षण मी पाहिले. त्याच ओढ्यातून तो चड्डी डोक्याला बांधून शाळेत गेला होता.

त्या दिवशी तेथूनच जालन्याला जाताना मला बसमध्ये बसवेना. जागा असूनही मी दांड्याला धरून उभा होतो. कंडक्टर दोनदा म्हणाला, बसा बाबा. मला वाटत होते, गाडी प्रत्येक फाट्यावर मुद्दाम थांबते आहे. मनातल्या मनात मी पत्राचा मसुदा करीत होतो आणि प्रत्येक मसुद्याच्या शेवटी प्रतिवादी म्हणून पुतण्याचे नाव येई. मी ते खोडी. ते पुन्हा येई.

पुतण्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी चहा परत पाठवला आणि उलटतपासणी सुरू केली. तो काही लपवत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्याने सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत लिहितो, कारण मला ते तीनदा विचारून घ्यावे लागले.

कार्यालयातल्या माणसाला यादीत नाव शोधता यावे म्हणून त्याने एक शोधखिडकी केली होती. तीत गाव, आडनाव, घर क्रमांक असे रकाने. शोधणारा सगळे रकाने भरत नाही. त्याला फक्त आडनाव ठाऊक असते. अशा वेळी रिकाम्या रकान्यांसकट प्रश्न विचारला, तर संगणक रिकाम्या घर क्रमांकाचा माणूस शोधू लागतो आणि काहीच सापडत नाही. म्हणून पुतण्याने एक चाळणी लिहिली : प्रश्न तयार करण्यापूर्वी एकेक रकाना पाहायचा, रिकामा असेल तर टाकून द्यायचा, उरलेल्यांवरून प्रश्न बांधायचा. रिकाम्याला त्यांच्या भाषेत ‘नल’ म्हणतात. हे सगळे मला पटले. न्यायालयातही, ज्या मुद्द्यावर वाद नाही तो मुद्दा निकालासाठी घेतला जात नाही.

"मंग?" मी विचारले.

दिवाळीच्या सुमारास याद्या छापायच्या होत्या. घर क्रमांकाच्या क्रमाने लावल्यावर रिकामे रकाने सगळ्यांत वर आले आणि पहिल्या पानावर नुसत्या मोकळ्या जागा दिसू लागल्या. तालुक्याचे अधिकारी केंद्रात आले होते. ते म्हणाले, ही यादी वर जाणार आहे, यात रिकामे काही दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी छपाई होती. पुतण्याजवळ ती चाळणी तयार होती. त्याने तीच उचलली आणि यादीच्या वाटेवर लावली. एकच यादी काढून पाहिली, ती जालना शहरातल्या एका वॉर्डाची, जी नमुन्याला त्याच्याकडे होती. तेथे प्रत्येक घराला क्रमांक आहे. एकही नाव गळले नाही. त्याने काम संपले असे कळवले.

 खोलीत पंख्याचा आवाज होता आणि शेजारी दोन मुली कोणाचे तरी बायोडाटा टाइप करीत होत्या. मग मी म्हणालो, "प्रश्न रिकामा असेल तर प्रश्न गाळ. माणूस का गाळलास?"

त्याने मान खाली घातली नाही. पडद्याकडे पाहत तो म्हणाला, "काका, चाळणीला दोन्ही सारखंच दिसतं."

"चाळणीला दिसू दे. तू कुठल्या घरात जन्मलास? क्रमांक सांग त्याचा."

 टाइप करणाऱ्या मुलींपैकी एकीचे बोट थांबले होते.

मी त्याला विचारले की संगणकाला रिकाम्या रकान्याविषयी विचारले तर तो काय म्हणतो. तो म्हणाला, रिकाम्याची कशाशीही तुलना केली, तर उत्तर होही येत नाही आणि नाहीही येत नाही. ‘माहीत नाही’ असे येते. आणि यादीत जातात ते फक्त हो आलेले. हे ऐकून मी खुर्चीतून उठलो आणि त्या लहान खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. ज्या न्यायालयांत माझे आयुष्य गेले, तेथे ‘माहीत नाही’ याचा अर्थ प्रतिवादीच्या बाजूने लागतो. म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तेथे कोणाचे नाव कमी होत नाही. येथे एका वस्तीविषयी काही माहीत नव्हते, आणि ते विचारण्याऐवजी वस्तीच काढून टाकली होती. काढल्याची खूणही कोठे नव्हती, कारण यादीचे अनुक्रमांक चाळणीनंतर पडले होते. कोणी खोडले असते तर खाडाखोड तरी दिसली असती.

पुतण्याने त्याच दुपारी चाळणी काढली. ओढ्यापलीकडची सगळी नावे पडद्यावर परत आली, त्यात त्याची आईही. त्याने पुरवणी यादी छापून माझ्या हातात दिली. आता अधिकाऱ्यांची एक सही हवी होती, आणि मी तालुक्याला पोहोचेपर्यंत कार्यालय बंद झाले असते.

सोमवार हा शेवटचा दिवस. शनिवार आणि रविवार मी कसे काढले, ते आमच्या घरात अजून सांगतात. मी जेवायला बसून उठे, अंगणात जाऊन पुन्हा आत येई. पत्नीने शेवटी मला जाते धुवायला बसवले. वहिनींना मी सांगितले की तांत्रिक चूक आहे, दुरुस्त झाली आहे, सोमवारी सही होईल. चूक कोणाची, ते सांगितले नाही.

सोमवारी दारे उघडण्याआधीच मी आणि वहिनी कार्यालयाच्या पायरीवर होतो. वहिनी ठेवणीतले लुगडे नेसल्या होत्या आणि अनामत रक्कम पदरात बांधली होती. वस्तीवरची सातआठ माणसे ट्रॅक्टरने आली. अधिकारी साडेअकराला आले. माझी पुरवणी यादी त्यांनी उभ्यानेच पाहिली. अंतिम यादी प्रसिद्ध झाली आहे, म्हणाले. हरकतीची मुदत संपली. आता नाव घालता येत नाही. मी म्हटले, नाव घालायचे नाही, जे तुमच्याच संगणकात आहे ते छापायचे राहिले. त्यांनी विचारले, राहिले असे कोण म्हणते? मी म्हटले, छापणारा म्हणतो. मग मी रिकाम्या जागांविषयीचा त्यांचा आदेश त्यांना आठवून दिला.

ते हसले. मी जन्मभर न्यायालयात माणसे पाहिली आहेत. ते कुत्सित हसणे नव्हते, आणि म्हणूनच मला ते अधिक लागले. ते म्हणाले, "मी रिकाम्या जागा म्हणालो होतो. माणसं काढा असं म्हणालो नव्हतो. ते तुमच्याच घरच्या मुलानं केलं."

वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकले.

तीन वाजता मुदत संपली. आमच्या प्रभागातून दुसऱ्या बाजूच्या एका बाईंचा एकच अर्ज राहिला आणि त्या बिनविरोध निवडून आल्या. त्या बाईंविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांचे घर चावडीला लागून आहे आणि ओढा त्यांनी पावसाळ्यात पाहिलेला नाही, एवढेच.

 परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वहिनी एकदाच म्हणाल्या, "तुम्हाला ठावं होतं." मी हो म्हणालो.

चार दिवसांनी पुतण्या वस्तीवर आला; मी तेव्हा वहिनींकडेच होतो. ओढा उतरलेला होता, तरी गुडघाभर पाणी होते. तो भिजलेल्या पँटने ओसरीवर आला आणि आईच्या पायांवर डोके ठेवले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"नऊ महिने पोटात ठेवलं," त्या म्हणाल्या, "तवा मी न्हाई विचारला घर नंबर तुला."

तो म्हणाला, आई, मला सांगितलं ते मी केलं, माझ्या ध्यानात आलं न्हाई.

"ध्यानात आलं न्हाई, हेच म्हनून राह्यले मी. आपलं घर ध्यानात आलं न्हाई."

मी मध्ये पडलो. मी म्हणालो, वहिनी, त्याने चूक कबूल केली, दुरुस्तही केली. आदेश देणारा मोकळा आहे, आपला रोख तिकडे हवा. मी एक नोंदणीकृत पत्र लिहिले आहे. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र जाऊ द्या. मला घरात माफी नको. मी वस्तीला सांगितलं होतं, मी उभी राहते. त्यांच्यासमोर सांगू दे त्याला. ग्रामसभेत. आन् ज्यानं सांगितलं त्यालाबी बोलवा."

ग्रामसभा पंधरवड्यात झाली. मी अधिकाऱ्यांना नोंदणीकृत पत्राने कळवले होते, पोचही आली. पुतण्या जालन्याहून आला. त्याच्या मालकाने त्याला जाऊ नकोस असे बजावले होते. कामाची बदनामी होईल, पुढचे काम मिळणार नाही. तो तरीही आला आणि शाळेच्या पटांगणात उभा राहून त्याने सगळे सांगितले. सुरुवातीला त्याचा आवाज पोहोचत नव्हता. मागून एक म्हातारा ओरडला, "जोरात बोल, आम्ही शेतात राहतो." लोक हसले, तोही थोडा हसला आणि मग नीट बोलू लागला. प्रश्न बांधताना रिकामे गाळायचे असते, तेच मी माणसांना लावले, असे तो म्हणाला. शहराची यादी तपासली, आपल्या गावाची तपासली नाही, असे म्हणाला. ज्या शेजारणीचे बाळ गेले होते, ती उठून म्हणाली, "तुला समजलं, बरं झालं. पूल कवा होईल?"   तो खाली बसला तेव्हा वहिनींनी त्याला आपल्या शेजारी सतरंजीवर जागा करून दिली.

अधिकारी आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की विषय तांत्रिक आहे. त्यानंतर त्यांनी दुरुस्ती केली ती अशी : वस्तीवरच्या सर्वांच्या रकान्यात शून्य घालण्याचा आदेश दिला. पुतण्याने लेखी कळवले की हे चूक आहे; रिकाम्याचा अर्थ ठाऊक नाही असा होतो, शून्य ही माहिती झाली, आणि ती खोटी आहे; रकान्यात अक्षरे घेण्याची सोय करून द्या, ‘शेतात’ हीच खरी नोंद आहे. त्याच्या मालकाने त्याला त्या कामावरून काढले. आज ओढ्यापलीकडची सगळी माणसे, एकमेकांशी नाते असो वा नसो, सरकारी यादीत एकाच घरात राहतात. एका योजनेत त्या सगळ्यांना मिळून एका घराचा एकच लाभ मंजूर झाला, आणि असे दुसऱ्यांदा झाले तेव्हा मी पुन्हा लिहिले. उत्तर आले नाही.

पुतण्या आता पुण्याला असतो. त्याने आपला जबाब गावासमोर दिलेला आहे आणि त्याच्यापुरते माझे प्रकरण निकाली निघाले आहे. रकान्यात अक्षरे चालणार नाहीत असे ठरवणाऱ्याचा शोध मला लागला नाही; तो मी सोडून दिलेला नाही. उरतात ते अधिकारी. ते निवृत्त झाले असून जिल्ह्याच्याच ठिकाणी राहतात, हे मला ठाऊक आहे. वहिनी आता सत्तरीच्या पुढे आहेत, पुढच्या निवडणुकीला उभे राहण्याचे बळ त्यांच्यात नाही, आणि ओढ्यावर पूल नाही.

म्हणून मी या लेखाद्वारे त्या अधिकाऱ्यांकडे जाहीर मागणी करतो. यापुढे मला पत्राने उत्तर नको, निरोपाने नको, वकिलामार्फत नको. त्यांनी आमच्या गावच्या ग्रामसभेत यावे, पावसाळ्यात यावे, ओढा ओलांडून वस्तीवर चालत जावे, आणि तेथील लोकांसमोर उभे राहून सांगावे की ‘रिकामे काही दिसता कामा नये’ असे म्हणताना त्या रिकाम्या जागेत कोण राहते हे त्यांनी एकदा तरी विचारले होते काय. आणि विचारले नसेल, तर का नाही.